सहाच्या ठोक्याचं भूत

"लागला! लागला! उजेड आला!" रंगवाल्या मावशी इतक्या जोरात ओरडल्या की त्यांच्या हातातला ब्रश उडाला आणि करवतवाल्या काकांच्या टकलावर हिरवा पट्टा उमटला. काकांना त्याचा पत्ताच नव्हता. त्यांचे दोन्ही डोळे कम्प्युटरच्या पडद्याला चिकटले होते.

तिघांपुरत्या खोलीत अठरा जण कोंबले होते. जे आत मावले नाहीत ते खिडकीला लोंबकळत होते. मधोमध खुर्चीवर विद्युतबाबा विराजमान. जांभळी कफनी, गळ्यात अंगठ्याएवढी लॉकेटं आणि तोंडात अखंड मंत्र.

"रॅमे रम, रोमे रम, माउसे मौनं धर! निघ बाहेर, फट्!"

कारखाना लाकडी कोड्यांचा. हत्ती, जहाज, जगाचा नकाशा असलं चित्र फळीवर चिकटवायचं, त्याचे वेडेवाकडे तुकडे कापायचे आणि ते जुळवत बसायला मुलांकडे पाठवायचे. तुकड्यांच्या रेघा कम्प्युटरवर आखल्या जात आणि कापायचं मशीन त्या रेघांवरून चाले. तो कम्प्युटर दोन दिवस आजारी होता. बटण दाबलं की पंखा घरघरे, पडद्यावर चार अक्षरं पळत, आणि मग काळोख. कोपऱ्यात एक पांढरी रेघ तेवढी उघडझाप करत बसे. मालकांच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे आत्याबाईंनी, थेट बाबांना गाडीत घालून आणलं. बाबांनी गळ्यातलं एक लॉकेट यंत्राच्या पाठीत खुपसलं, त्यावर लाल फडकं टाकलं आणि तीन मिनिटांत पडदा उजळला. लोकांनी टाळ्या पिटल्या. मालकांनी तर चपला काढून हात जोडले.

"पण आपली चित्रं कुठेत?" मालकांनी घाबरत विचारलं. पडदा उजळला होता, पण होता कोरा करकरीत.

"गिळली!" बाबा गरजले. "पिशाच्चाने गिळली. सात बैठकांत एकेक ओकायला लावीन. आणि कारण हवंय? या खुर्चीवर रोज बसणाऱ्या हाताला सावट आहे."

अठरा माना एकदम दाराकडे वळल्या. दारात रेघोटी उभी होती.

रेघा आखते म्हणून रेघोटी. नाव काकांनी ठेवलं होतं, आणि आता आई सोडली तर तिला कोणीच दुसऱ्या नावाने हाक मारत नसे. सहा वर्षं तिने या कारखान्यात तुकड्यांच्या कडा घासल्या होत्या, नखं झिजेपर्यंत. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून ती कम्प्युटर शिकली आणि तीन वर्षांपूर्वी त्या खुर्चीवर बसली. आतली तीनशे अकरा चित्रं तिच्या हातची होती.

"उद्यापासून इथे माझा भाचा बसेल," बाबा म्हणाले. "मुलीला घासकामाला पाठवा. लाकडाला सावट लागत नाही."

"बाबा म्हणतात तर..." मालक तिच्याकडे न बघता म्हणाले.

रेघोटीने भांडावं तर कोणत्या तोंडाने? तिचंच मन तिला खात होतं. परवा साडेपाचला तिने कम्प्युटरला अपडेट करायला लावलं होतं आणि पावणेसहाची बस गाठायला निघून गेली होती. दहा मिनिटांचं काम, होईल आपोआप, असं समजून. दुसऱ्या दिवशी हा काळोख. दुरुस्तीला तासभर मागितला, तर आत्याबाईंनी "बाबा येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही" असं बजावलं. खरंच आपल्या हाताला काही आहे की काय, असं रात्री अंथरुणात तिच्या मनात येऊन गेलं होतं. शिकलेल्या माणसालाही भीती अशी गाठते, आणि बाबा लोकांचं पोट त्याच भीतीवर चालतं.

"आता नीट बघा," बाबा म्हणाले. त्यांनी कम्प्युटर बंद केला, लॉकेट काढून गळ्यात घातलं आणि मालकांना बटण दाबायला लावलं. घरघर, चार अक्षरं, काळोख. "मी आहे तोवर चालेल. मी उठलो की बंद."

"अगं बाई!" आत्याबाईंनी गालांवर हात मारून घेतले. "केवढी ही शक्ती!"

मग पुन्हा खात्री म्हणून लॉकेट आत, फडकं वर, मंत्र, उजेड, टाळ्या. या दुसऱ्या खेपेला मात्र रेघोटी रडायचं विसरून बघायला लागली. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले होते, आणि पडद्यावरचं घड्याळ भलतीच वेळ सांगत होतं. मालकांनी हट्टाने टाकून घेतलेले पोहणारे मासे पडद्यावर नव्हते. आणि लाल फडक्याखाली काहीतरी हिरवं लुकलुकत होतं. लॉकेट डोळे मिचकावत होतं!

तिला एकदम इतकं हसू फुटलं की तिने ओढणी तोंडात कोंबली.

"हसतेस कशाला गं?" मावशींनी कोपर मारलं. "नोकरी चाललीय तुझी!"

"मालक," रेघोटी पुढे झाली, "घासकामाला जाते मी. पण जायच्या आधी एकदा मलाही मंत्र म्हणू द्या."

"तुला कुठला येतो मंत्र?"

"बाबांचा ऐकून ऐकून आलाय."

"म्हणू द्या की," काका म्हणाले. "बिघडलेलं आणखी काय बिघडणार?"

बाबा नाही म्हणेपर्यंत तिने कम्प्युटर बंद करून त्यांचं लॉकेट त्यांच्या हातात ठेवलंही होतं. आपल्या खणातला जुना पेनड्राइव्ह तिने काढला, यंत्राच्या पाठीत खुपसला आणि त्यावर काकांचं घाम पुसायचं फडकं टाकलं. मग डोळे मिटून, आवाज खोल करून ती सुरू झाली, "नऊ एके नऊ! नऊ दुणे अठरा! नऊ त्रिक सत्तावीस, फट्!"

नऊ साते त्रेसष्टला पडदा उजळला. तोच कोरा पडदा, तेच चुकीचं घड्याळ.

मग खिडकीतल्या एकाला हसू आवरेना आणि तो खाली पडला.

"माझ्या शक्तीचा उरलेला अंश आहे तो!" बाबा ओरडले.

"उरलेल्या अंशालापण फडकं लागतं का हो?" काकांनी विचारलं.

रेघोटीने फडकं उचललं. "बघा. हा पेनड्राइव्ह. आपला कम्प्युटर ज्यावर चालतो ती लिनक्स प्रणाली आहे ना, तीच अख्खी या एवढ्याशात भरता येतं. बाबांच्या लॉकेटातही तेच आहे. तुम्हाला दिसतंय ते आपल्या कम्प्युटरच्या पोटातलं नाहीच, ह्यातलं आहे. म्हणून चित्रं नाहीत, मासे नाहीत, घड्याळाला आपली वेळ माहीत नाही. शेजारच्या घरून डबा आणायचा आणि तुमची चूल पेटवली म्हणून सांगायचं, त्यातला प्रकार."

"म्हणजे आपला कम्प्युटर मेलेलाच?" मालकांचा आवाज चिरकला. "आणि चित्रं?"

आता हसू थांबलं. आता खरी परीक्षा होती, आणि तिला ती ठाऊक होती. ती आपल्या खुर्चीवर बसली. बाबांना उठावं लागलं. तिने पेनड्राइव्ह काढला, बटण दाबलं. घरघर, चार अक्षरं, काळोख. तिने तीन बटणं एकदम दाबली. पडद्यावर ना चित्र ना रंग, नुसती पांढरी अक्षरं. कम्प्युटर तिचं नाव विचारत होता.

"मेलेला माणूस नाव विचारतो होय?" मावशी म्हणाल्या.

"जिवंत आहे. फक्त त्याला आपलं रंगीत तोंड दाखवता येत नाहीये." तिने नाव लिहिलं, परवलीचा शब्द लिहिला. चित्रांची यादी मागितली, आणि ओळींमागून ओळी धावत आल्या. हत्ती, जहाज, नकाशा, मोर. शेवटी आकडा आला, तीनशे अकरा. रेघोटीला रडू कोसळलं. तिने ते लपवलंही नाही.

"काका, आता हे वाचा मोठ्याने. कम्प्युटर आपली रोजनिशी लिहितो. परवाचं पान आहे."

काका चष्मा सावरून वाचू लागले. "पाच एकतीस, अपडेट सुरू. पाच अठ्ठावन्न, नवा भाग उलगडला. पाच एकोणसाठ, आणखी एक उलगडला. सहा वाजून शून्य मिनिटं, तीन सेकंद... पुढे काहीच नाही."

"बघा!" आत्याबाई म्हणाल्या. "तिन्हीसांजेची वेळ! तेव्हाच आलं ते!"

"बरोब्बर तेव्हाच आलं, आत्याबाई. सहाच्या ठोक्याला. ठोक्याला काय होतं इथे?"

मावशींनी तोंडावर हात ठेवला. "अगं, सहाला तर मालक खटका ओढतात!"

बावीस वर्षांचा रिवाज होता तो. सहाला एक मिनिट असताना मालक मुख्य खटक्यापाशी जाऊन उभे राहायचे, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत, आणि ठोक्याला अख्ख्या कारखान्याची वीज बंद. कोण काय करतंय हे बघायचं नाही. एकदा तर स्वतः आत्याबाई मोरीत अंधारात अडकल्या होत्या. पण खटका ओढायचा मान मालकांनी कधी कोणाला दिला नव्हता.

अठरा माना या वेळी मालकांकडे वळल्या. मालकांनी आपला उजवा हात हळूच पाठीमागे नेला.

"म्हणजे सावट..." ते पुटपुटले.

"चूक माझीही आहे," रेघोटी म्हणाली. "मी थांबायला हवं होतं. हत्तीच्या कोड्याचा साचा आपण बदलला होता, आठवतंय? नव्या साच्याचे अर्धे तुकडे जुन्या डब्यात गेले, तर हत्ती जुळेल?"

"छे! सोंड पाठीवर यायची," सगळे एका सुरात म्हणाले. यातले ते उस्ताद होते.

"कम्प्युटरमध्येही असेच तुकडे असतात. लायब्रऱ्या म्हणतात. एक तुकडा दहा प्रोग्रॅम मिळून वापरतात. परवा वीज गेली तेव्हा अर्धे नवे बसले, अर्धे जुने राहिले. रंगीत पडदा नवा तुकडा मागतोय आणि जागेवर जुना आहे. आता राहिलेलं काम पुरं करायला सांगते."

तिने एक ओळ लिहिली. अक्षरं भराभर धावली आणि मधेच एका तक्रारीपाशी अडली.

"काय झालं?" मालकांनी तिच्या खांद्यावरून डोकावलं.

"मालक, तुमचे मासे! ते बाहेरून आणून टाकलेत ना, त्यांना जुनाच तुकडा हवाय. पडद्याला नवा हवाय. दोघं एका जागेसाठी भांडतायत. मासे राहतील किंवा पडदा राहील."

माशांवर मालकांचा फार जीव होता. "जाऊ देत मासे," ते म्हणाले.

मासे गेले. तीच ओळ पुन्हा. या वेळी अक्षरं शेवटपर्यंत धावली. तिने कम्प्युटर पुन्हा सुरू केला. ना लॉकेट, ना फडकं, ना मंत्र. घरघर, चार अक्षरं, आणि अख्ख्या पडद्यावर तिने परवा अर्धवट सोडलेला उंट उभा राहिला! काकांनी मावशींना उचलूनच घेतलं आणि दोघंही हिरवी झाली.

"बाबा कुठायत?" कोणीतरी विचारलं.

बाबा दारापर्यंत पोचले होते. "एका घरी फ्रिज झाडायचाय," म्हणाले आणि कफनी वर धरून पायऱ्यांवरून धडाधड उतरले.

मालक रेघोटीसमोर उभे राहिले. "पोरी, मी तुझ्या हाताला नावं ठेवू दिली. मी प्रश्न विचारायला हवे होते. तुलाही आणि बाबांनाही. खुर्ची तुझीच."

"मालक, माझ्यावरही आंधळा विश्वास नको," ती म्हणाली. "कोणीही चमत्कार दाखवला की फडकं उचलून बघायचं. खरं असेल तर ते उचलल्याने बिघडत नाही. आणि चमत्कारात दोष कायम गरिबाच्या नाहीतर बाईच्या हातालाच का सापडतो, हेही विचारायचं."

लोक हसत आपापल्या कामाला लागले. आत्याबाई मात्र हलल्या नाहीत. खोली रिकामी झाल्यावर त्या स्टुलावर टेकल्या आणि साडीची घडी गुडघ्यावर सारखी करत हळूच म्हणाल्या, "दोन वर्षं मी बाबांचं तेल लावतेय गं या गुडघ्याला."

"दुखायचं थांबलं?"

"ते समोर बसलेले असतात तेव्हा थांबतं." त्यांनी मान खाली घातली. "गेले की सुरू."

रेघोटीने माउस सोडला आणि त्यांचा हात हातात घेतला. आता तिला हसू आलं नाही.

"आत्याबाई, उद्या सकाळी हाडांच्या डॉक्टरकडे जाऊ. मी येते सोबत. ते जे सांगतील त्यावर आपण दोघी मिळून प्रश्न विचारू, समजेपर्यंत."

"रागावतील का गं ते, प्रश्न विचारले तर?"

"चांगला डॉक्टर नाही रागावत," रेघोटी म्हणाली. "जो रागावेल त्याच्याकडून उठून यायचं."