मुकादमाची बंडी

मास्टरीणबाईंनी दोरा दातांनी तोडला, बंडी सुलटी केली आणि आतल्या खोलीकडे कान दिला. मास्टर अजून घोरत होते. जेवणानंतरची ही झोप लहान असे; पण सराईत हाताला तेवढी पुरे. सुई रिळात खोचून त्या गोणपाटावर पडलेल्या मुकादमाजवळ बसल्या आणि त्याचा एकेक पाय हलकेच उचलून त्याला बंडी चढवली. मुकादमाने डोळे उघडले नाहीत. केवळ त्याच्या घशातून, दूरच्या दाराची बिजागरी करकरावी तसा, एक बारीक आवाज निघाला.

मास्टरांचे शिवणकामाचे दुकान चालते होते तेव्हा हा कुत्रा बेतण्याच्या टेबलाखाली बसून प्रत्येक कारागिरावर नजर ठेवी. कुणी विडी ओढायला उठला की मान वर करी, आणि तो परत बसेपर्यंत खाली घेत नसे. ‘मालक परवडला, पण हा मुकादम नको,’ असे म्हणत कारागिरांनीच त्याचे नाव ठेवले. पुढे, जन्मभर काळ्या कापडावर काळा दोरा घालून मास्टरांची दृष्टी मंदावली, मशीनवर फडके पडले, कारागीर पांगले. टेबल तेवढे राहिले, आणि टेबलाखालचा मुकादम. मास्टर सकाळी उठत ते मुकादमाला बाहेर न्यायचे म्हणून; दाढी करत ती वाटेत चार माणसे भेटतील म्हणून.

त्याच्या पोटातली गाठ प्रथम मास्टरांच्याच हाताला लागली. जनावरांच्या डॉक्टरबाई घरी आल्या, त्यांनी पोट चाचपले आणि हात धुता धुता सांगितले, “वय झालंय त्याचं. कापाकापी सोसायची नाही. आता अंग उतरत जाईल. फार हाल होऊ देऊ नका, मला बोलवा. मी इथंच येईन. त्याला कळणारसुद्धा नाही.”

मुकादम थरथरतो म्हणून मास्टर त्याच सुमारास त्याच्यासाठी लोकरी बंडी शिवत होते. पाठीवर बटणे, दोन्ही बगलांना शिवण, आत मऊ अस्तर. ती हातात धरूनच त्यांनी उत्तर दिले, “ही ढिली झाली की बोलावतो. त्याआधी नाही. माणूस खोटं बोलेल डॉक्टरबाई, कापड बोलत नाही.”

गळपट्टी असो की कंबर, मास्टरांची आयुष्यभर एकच कसोटी होती : दोन बोटे आत गेली पाहिजेत, तिसरे जाता कामा नये. त्या दिवसापासून रोज सकाळी ते मुकादमाच्या छातीशी बंडीत बोटे घालत आणि न्यायनिवाडा केल्यासारखे म्हणत, “दोन बोटं. बरोबर.”

एके दिवशी मुकादमाला पुसताना मास्टरीणबाईंचा अख्खा तळवा बंडीत गेला. त्यांनी तो तसाच आत राहू दिला. बरगड्या हाताखाली वरखाली होत होत्या. हाक मारायला तोंड उघडले, तो त्यांची नजर खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे गेली. मुकादम गेल्यावर ती खुर्ची रिकामी दिसणार नव्हती. ती भरलेली दिसणार होती. सकाळपासून सांजेपर्यंत तिच्यात बसलेले, दाढी वाढलेले मास्टर. मास्टरीणबाईंनी तोंड मिटले, आणि त्या दुपारी बंडी उलटी करून डाव्या बगलेची शिवण थोडी आत घेतली.

एकदा घेतलेली शिवण पुन्हा घ्यावी लागली, आणि मग वारंवार. दर वेळी चिमटा मात्र अगदी लहान पुरे. एवढ्या आजारात जनावर उतरते ते इतकेच, तर डॉक्टरबाईंचा अंदाजच चुकला असावा, अशी त्या मनाची समजूत घालत.

शेजारचा इस्त्रीवाला कपड्यांचा गठ्ठा खांद्यावर घेऊन दारात थांबला तेव्हा मास्टर सकाळचे माप घेत होते.

“काय मास्टर! माणसांच्या पँटी तुमच्याकडून कधी वेळेवर मिळाल्या नाहीत, आणि कुत्र्याला मात्र रोजच्या रोज फिटिंग!”

“माणसाचं पोट सुटलं तरी तो कबूल करत नाही. हा निदान गुमान माप देतो.”

इस्त्रीवाला हसला. मग त्याने गोणपाटाकडे नीट पाहिले. मुकादमाच्या माकडहाडाशी फुटलेली जखम, तोंड न लावलेला दूधपाव, खाली पसरत गेलेला ओला डाग. त्याचे हसू मावळले.

“एक सांगू? राग नका मानू. पहाटे विव्हळतो तो. भिंतीतून ऐकू येतं आम्हाला. सोडवा हो बिचाऱ्याला.”

“दोन बोटं,” मास्टर म्हणाले. “हात घालून बघ तूच.”

इस्त्रीवाल्याने हात घातला नाही. त्याने मास्टरीणबाईंकडे पाहिले. त्या पावाचे ताट उचलून आत निघून गेल्या.

कूस बदलल्यावाचून जखम भरणार नव्हती. म्हणून दुसऱ्या दिवशी, मास्टर इस्त्रीवाल्याकडे जाऊन बसले असता, मास्टरीणबाईंनी मुकादमाच्या कमरेखाली हात घातला. तो किंचाळला आणि वळून त्यांच्या मनगटाला चावला. सारे आयुष्य ज्याने कुणाला दात लावला नाही, तो चावला. आणि चावताक्षणी स्वतःच घाबरून त्याच मनगटावर जीभ फिरवू लागला. जीभ कोरडी होती. दातांत जोर राहिला नव्हता, रक्तही आले नाही. ते आले असते तर बरे झाले असते, असे मास्टरीणबाईंना वाटले.

त्यांनी बंडी काढली, ब्लेड घेतले आणि डाव्या बगलेतले आपले टाके एकामागून एक उसवले. आता बंडी गोणीसारखी लोंबेल. मास्टर येतील, बोटे घालतील, त्यांचे त्यांना कळेल; आपल्याला काही बोलावे लागणार नाही. त्यांनी ती पुन्हा मुकादमाला घातली, बटणे लावली आणि हात आत सारला.

बंडी ढिली झाली होती. पण लोंबत नव्हती. एवढ्या टाक्यांचे कापड सुटले, ते गेले कुठे?

त्यांनी बंडी पुन्हा काढून खिडकीशी नेली आणि उजवी बगल उलटी केली. अस्तराखाली एक शिवण होती, तिच्याआड दुसरी, तिच्याही आड आणखी. टाके बारीक, एकसारखे, मेण लावलेल्या दोऱ्याचे. डोळ्यांनी घातलेले नव्हते ते. बोटांनी घातलेले होते.

मास्टर आत आले तेव्हा जमिनीवर उसवलेले दोरे पडले होते. एक त्यांच्या पायाला चिकटला. वाकून त्यांनी तो उचलला आणि दोन बोटांत फिरवला.

“उजवी तुम्ही घेत होता?” मास्टरीणबाई म्हणाल्या.

ते टेबलाला धरून सावकाश खाली बसले.

“तू बाजारात गेलीस की.”

“आणि डावी?”

“डावी तुझी. पहिल्याच दिवशी बोटाला लागली. तुझा टाका तिरपा पडतो, तरुणपणापासून.”

“मग बोलला का नाहीत?”

मास्टरांनी तो दोरा बोटाला गुंडाळला. “तू त्याला पाव भरवताना बोलत असतेस. दिवसाकाठी माझ्याशी बोलतेस त्याहून जास्त. म्हटलं, हिला अजून हवाय तो.”

“मला वाटत होतं, तुम्हाला…”

मुकादमाने पुन्हा तो बिजागरीचा आवाज काढला.

“याला मात्र दोघांनीही विचारलं नाही,” मास्टर म्हणाले आणि त्यांनी ब्लेडसाठी हात पुढे केला. उजवी बगल त्यांनीच उसवली. मग बंडी मुकादमाच्या अंगावर नुसती पांघरली; बोटे घातली नाहीत. “जा, इस्त्रीवाल्याच्या फोनवरून बोलाव त्यांना.”

डॉक्टरबाई उन्हे कलायच्या आत आल्या. त्यांनी बंडी बाजूला सारली, आणि तिच्याखाली काय उरले होते ते पाहून त्यांचा हात क्षणभर थांबला. मास्टर चटईवर बसले होते. मुकादमाचे डोके त्यांच्या मांडीवर होते.

“डॉक्टरबाई, उशीर तर नाही ना झाला?”

“नाही मास्टर. अगदी वेळेवर बोलावलंत.” त्या पुढच्या पायावरचे केस कापत होत्या, मान वर न करताच बोलल्या.

सुई गेली. मुकादमाच्या पोटाची धाप मंदावली, मग थांबली. मास्टरांनी त्याचा कान सरळ केला. तो दुमडून राहिला होता.

मास्टरीणबाई डॉक्टरबाईंना पोहोचवायला रस्त्यापर्यंत गेल्या.

“मला खरं सांगा.”

डॉक्टरबाईंनी पिशवीचा बंद ओढला, सोडला, पुन्हा ओढला. “बरेच दिवस झाले होते,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “फार सोसलं त्यानं. त्यांना नका सांगू. या वयात कशाला?”

मास्टरीणबाई परतल्या. खोलीत अंधारून आले होते. दिवा कुणी लावला नव्हता. मास्टर तसेच बसले होते.

“बाहेर काय म्हणाल्या?”

‘काही नाही’ हे शब्द जिभेवर तयार होते. मास्टरीणबाईंनी ते गिळले.

“उशीर झाला म्हणाल्या. पुष्कळ.”

मास्टरांनी मान हलवली. मग, मांडीवरचे डोके हलणार नाही अशा बेताने, ते थोडे सरकले आणि त्यांनी चटईवर मास्टरीणबाईंसाठी जागा केली.