कोऱ्या पुस्तकांची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी ग्रंथपेटी आहे. जुनी असले तरी अजून कामावर आहे, हे आधीच सांगून टाकते. माझे कोपरे झिजले आहेत, एक कडी बदललेली आहे. पण झाकण असे घट्ट बसते की भर पावसात गाडीच्या टपावरून न्या, आतले पान ओले व्हायचे नाही.

राज्य ग्रंथालयाच्या मागच्या अंगणात एका सुतारकाकांनी मला घडवले. जाड फळ्या, आतून पत्रा, दोन्ही बाजूंना कड्या. शहरातले ते मोठे ग्रंथालय म्हणजे आम्हा पेट्यांचे माहेर. लहान गावांतल्या वाचनालयांना दरवेळी नवी पुस्तके घेणे झेपत नाही, म्हणून आम्हाला भरून तिकडे धाडतात. काही महिने मुक्काम करून आम्ही माहेरी परततो. मग फाटलेली पुस्तके बांधणीच्या खोलीत जातात, नवी आत येतात, आणि आम्ही पुन्हा वाटेला लागतो. गावोगावच्या ग्रंथपालांना कामाचे धडेही तिथेच देतात.

मी पुष्कळ गावे पाहिली. कुठे माझ्यावर झुंबड उडे, कुठे मी आल्याआल्या निम्मी रिकामी होई. मग माझ्या वाट्याला तात्यांचे वाचनालय आले.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या, एक लांब टेबल, आणि तात्या हे तिथले ग्रंथपाल. माणूस लाखात एक! रोज संध्याकाळी ते माझे झाकण उघडत, एकेक पुस्तक मऊ फडक्याने पुसत आणि परत जागेवर ठेवत. लोक भोवती जमत. तात्या लांबूनच मुखपृष्ठे दाखवत आणि म्हणत, "बघा, पण हात लावू नका. राज्याची वस्तू आहे." मग घरी न्यायला कपाटातली जुनीच पुस्तके देत. असे लाड माझे कुणीच केले नव्हते, पण मला मेलीला करमेना. भरल्या पोटी यायचे आणि भरल्या पोटीच जायचे.

वर्षभर दर फेरीला असेच चालले. एक दिवस मुदतीआधीच माहेरची गाडी दारात उभी राहिली. गावोगावच्या वाचनालयांचे काम पाहणाऱ्या मॅडम जिना चढून आल्या. तात्यांनी हौसेने झाकण उघडले.

"बघा मॅडम, एका पानाला दुमड नाही."

मॅडमनी वरचे पुस्तक घेतले. त्याची पाने अजून एकमेकांना चिकटलेली होती.

"तात्या, हे कुणी वाचलं?"

"वाचलं असं नाही… पण दाखवलंय सगळ्यांना."

तेवढ्यात बेकरीवाल्या मावशी आल्या आणि हातातले जीर्ण पुस्तक टेबलावर ठेवत म्हणाल्या, "तात्या, हेच परत देता का? दुसरं काही मिळत नाही, तर हेच पाठ करते."

मॅडम खुर्चीवर बसल्या. "तुमच्याकडून पुस्तकं कोरी येतात. आम्हाला वाटलं, इथं वाचणारेच नाहीत. ही पेटी दुसऱ्या गावाला द्यायचं ठरलंय. मी तिला न्यायलाच आलेय."

तात्यांचा चेहरा पडला. फडके हातातच राहिले. म्हणाले, "पुस्तकं खराब झाली तर तुम्ही पुन्हा पाठवणार नाही, अशी धास्ती होती हो. म्हणून जपली." मला तेव्हा त्यांची फार दया आली.

मॅडमचा आवाज मऊ झाला. "अहो, आमच्याकडे एक अख्खी खोली फाटक्या पुस्तकांसाठीच आहे. बांधणीवाले काका दिवसभर तिथं बसतात. तुमच्या लोकांनी वाचून फाडायचं, आम्ही शिवायचं. आम्ही आहोत कशाला?" मग उठत म्हणाल्या, "मुदतीपर्यंत ठेवते. पुढचं काय ते पेटी परत आल्यावर ठरवू."

गाडी गेली. तात्यांनी माझ्यातले वरचे पुस्तक काढून मावशींपुढे धरले. मावशींच्या बोटांना पीठ होते. "हात धुवून—" एवढे तात्यांच्या तोंडून निघाले आणि उरलेले त्यांनी गिळले. मावशी पुस्तक घेऊन जिना उतरल्या. दुसऱ्या दिवशी सायकलवाला आला, त्याची बहीण आली, मग रांगच लागली. काही दिवसांत माझ्या तळाचा पत्रा दिसू लागला. इतके हलके मला त्या गावात प्रथमच वाटले.

माहेरी परतले तेव्हा बांधणीवाल्या काकांनी झाकण उघडले. पानांत पीठ, वंगणाचा अंगठा, चहाचे गोल डाग, एका पुस्तकाची तर पाठच निखळलेली. काकांनी कपाळाला हात लावला आणि मॅडमना हाक मारली, "या, बघा हो, काय दशा केलीय!"

मॅडमनी एकेक पुस्तक उलटून पाहिले. मग त्या हसल्या आणि म्हणाल्या, "लवकर शिवा. त्यांना पुढच्या फेरीत मोठी पेटी देऊ, आणि ही पण."

अजूनही त्या गावी माझी फेरी असते. तात्यांचे फडके आता फक्त माझ्या झाकणावर फिरते. तेव्हा मित्रांनो, तुमच्या वाचनालयात माझ्यासारखी एखादी पेटी आली, तर पाने फाडू नका, पण घाबरूही नका; शिवणारे हात माझ्या माहेरी आहेत. मला जपायचे असेल, तर मला रिकामी करा.