रेणुकाची आडवी दाढ

मी रेणुकाची अक्कलदाढ बोलतेय. खालची, उजवीकडची, सगळ्यात मागची. बोलणं तुटक वाटलं तर समजून घ्या. डॉक्टरांनी मला अख्खं काढलं नाही, तीन तुकडे करून काढलं. पण जे सांगायचं आहे ते तिन्ही तुकड्यांना पाठ आहे.

इतर दातांचं बरं असतं. पहिला दात आला की घरभर कौतुक होतं, शेजारच्या बाया बोट घालून पाहतात. माझी वाट कोणी पाहिली नाही. रेणुका लोणारच्या कॉलेजातून बीएस्सी होऊन गावी परतली, तेव्हा मी बाहेर यायला निघाले आणि पुढच्या दाढेला धडकले. जागाच नव्हती. मी आडवी वाढले होते. भरलेल्या एसटीत शेवटी चढलेला माणूस दारातच अडकतो, त्याला आत जाता येत नाही आणि उतरायचंही नसतं, तशी माझी गत झाली. मला थांबता येत नाही. हा स्वभाव माझ्यात रेणुकाकडूनच आला असावा.

तिला तर अजिबात थांबता येत नव्हतं.

लोणार आणि मेहकरच्या मधे आमचं गाव आहे. शाळा नव्या इमारतीत गेली तेव्हापासून जुन्या शाळेची खोली बंद होती. आत मांडवाचे बांबू, फाटकी ताडपत्री आणि कुणाची तरी सोयाबीनची पोती. किल्ली सरपंच उकंडरावांच्या खिशात. रेणुकाला ती खोली मुलींच्या अभ्यासिकेसाठी हवी होती. गावातली मुलं भरतीच्या परीक्षांचा अभ्यास करायला लोणारला जातात, शेवटच्या गाडीने परततात. मुलींना त्या गाडीने येऊ देत नाहीत. घरी एकच खोली, तीत टीव्ही, पाहुणे आणि धाकटी भावंडं. मग एक दोन वर्षं जातात, पुस्तकं पोत्यात जातात आणि मुलगी सासरी जाते. रेणुकाच्या दोन मैत्रिणी अशाच गेल्या होत्या. तिसरी जाऊ नये, एवढंच तिचं म्हणणं.

गांधीजयंतीच्या ग्रामसभेत ती उभी राहून बोलली. बोलली कसली, ओरडली. मी तेव्हा तिच्या हिरडीत होते, जबडा कसा थरथरत होता ते मला माहीत आहे. पण सभेत सगळेच ओरडतात. कोणी रस्त्याचं, कोणी नालीचं. तिचं वाक्य अर्ध्यात असतानाच उकंडराव हसून म्हणाले, "पोरी, पानी पे, गळा बसन तुहा. पुढचा विषय घ्या." आणि पुढचा विषय घेतला गेला. त्या संध्याकाळी रेणुकाने जेवताना दात इतके आवळले की मी पहिल्यांदा ठणकले.

दिवाळीनंतर माझ्यावरची हिरडी सुजली. तिच्याखाली जेवणाचे कण अडकत, सडत, आणि मी आतून ढुशा देत राही. खरं तर त्याच आठवड्यात दवाखान्यात जायला हवं होतं. पण रेणुकाची आई भिमाबाई आडवी आली. तिच्या आईची दाढ गावातल्या कुणीतरी पकडीने उपटली होती आणि दोन वर्षांत म्हातारीला दिसेनासं झालं होतं. मोतीबिंदू असेल, पण भिमाबाईच्या मनात दाढ आणि डोळे एकाच दोरीने बांधले गेले ते कायमचे.

"दाढेची शीर डोळ्याले जाते," ती म्हणायची. "इतकी शिकली तू. डोये गेल्यावर पुस्तकं कोन वाचीन?"

"माय, असं काही नसते वं."

"हाव, तुले सारं मालूम हाये. मले मायी माय आंधयी झालेली मालूम हाये."

मग लवंग झाली, तुरटी झाली, विटेचा शेक झाला. शेकाने सूज वाढते हे मी सांगणार कुणाला? शेवटी शेजारच्या रुखमाबाई आल्या. त्या दातातली कीड काढतात. निखाऱ्यावर रिंगणीच्या काटेरी झुडपाच्या बिया टाकल्या, नळीने धूर तोंडात सोडला आणि रेणुकाला पाण्याच्या ताटलीत चूळ भरायला लावली. पाण्यात पांढरे बारीक कण तरंगले.

"पाय! किती किडे निंघाले!" रुखमाबाई म्हणाल्या.

माझा संताप झाला. ते फुटलेल्या बियांचे कोंब होते. माझ्यात एकही कीड नव्हती, मला फक्त जागा नव्हती. माणसांचं हे नेहमीचंच. जागा करून देण्यापेक्षा धूर करणं त्यांना सोपं जातं.

जानेवारीत गाल टम्म फुगला आणि तोंड उघडेना. भाकरी चहात बुडवून, बोटाने आत सारून खायची वेळ आली. नेमकी तेव्हाच सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेची नोटीस लागली. त्यात लिहिलं होतं, जुन्या शाळेची खोली व्यापाऱ्याला गोदामासाठी भाड्याने देणे. म्हणजे या सभेत अडवलं नाही, तर खोली गेलीच.

रेणुकाचा भाऊ चंद्रशेखर तिची चेष्टा करायचा. "अक्कल बाहेर येऊन राह्यली अन् तू कोंडून ठेवली तिले." पण त्या दिवशी नोटीस वाचून तो गंभीर झाला. "मी बोलतो सभेत. तू लिहून दे."

रेणुकाने मान हलवली. बोलायला त्रास होत होता तरी बोललीच. "पोरींसाठी खोली मांगायची अन् बोलनार पोरगा?"

दुसऱ्या दिवशी दोघं पहिल्या गाडीने मेहकरला गेले. भिमाबाई दारातच बसली होती. या वेळी ती आडवी आली नाही. नुसती रेणुकाच्या डोळ्यांकडे पाहत राहिली.

डॉक्टर योगिनी तरुण होत्या आणि चिडक्या. एक्स-रे दिव्यासमोर धरून म्हणाल्या, "तीन महिने काय करत होतात? ही सूज घशात उतरली असती तर?" आधी गोळ्या, सूज उतरल्यावर शस्त्रक्रिया. रेणुकाने एकच विचारलं, "सव्वीस तारखेला बोलता येईल ना?"

"एका बोटाएवढं तोंड उघडेल. हळू बोलायचं. ओरडलात तर टाके तुटतील."

सव्वीसच्या दोन दिवस आधी मला काढलं. सुई टोचली, हिरडी बधिर झाली, पण मी जागी होते. हिरडी कापून बाजूला केली, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर उजेड पडला. मला वाटलं, झालं, आता मी उभी राहीन. तेवढ्यात यंत्र फिरलं. पाण्याचा फवारा, कर्कश आवाज, आणि मी दुभंगले. पुन्हा एकदा, आणि मुळं वेगळी झाली. रेणुकाच्या मुठी खुर्चीच्या हातांवर आवळल्या होत्या. दोन टाके पडले. माझे तुकडे डॉक्टरांनी एका प्लॅस्टिकच्या डबीत घालून तिला दिले, ती डबी तिने स्वेटरच्या खिशात टाकली आणि विसरली.

घरी पोचताच पहिलं भांडण सुरू झालं, तेही मुक्यानेच. तोंडात कापसाचा बोळा, त्यामुळे रेणुकाला बोलता येईना. भिमाबाई गरम फडका घेऊन आली. रेणुकाने दोन्ही हात हलवले. नाही! थंड! भिमाबाईला वाटलं लेकीला थंडी वाजतेय, तिने वर गोधडी टाकली. शेवटी चंद्रशेखरने गोविंदाच्या दुकानातून लहान पोरं चोखतात ती रंगीत बर्फाची नळी आणली आणि ओढणीत गुंडाळून बहिणीच्या गालाला लावली. "जानेवारीत बर्फ!" भिमाबाई कपाळावर हात मारून म्हणाली. "तुमचे डॉक्टर पागल हायेत."

थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, गरम काही नाही. थंड वरणाचं पाणी आणि साबुदाण्याची पेज. सकाळी उठल्या उठल्या भिमाबाईने लेकीच्या हातात सुई आणि दोरा दिला. "ओव बरं." रेणुकाने पहिल्याच फटक्यात ओवला. दुसऱ्या सकाळी पुन्हा सुई हजर, या वेळी बारकी.

सव्वीस तारखेला झेंडावंदन झालं आणि ग्रामपंचायतीसमोर सभा बसली. रेणुकाने तोच स्वेटर घातला होता, म्हणून मीही सभेला होते. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बाया. भिमाबाई लेकीला खेटून बसली होती. मागे गोजरबाई आणि त्यांच्या गाण्याच्या मंडळातल्या बाया. भीमजयंतीला ही सगळी मंडळी भीमगीतं म्हणतात. एकीने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी ती मागून उचलायची, याला झील धरणं म्हणतात. भिमाबाईची झील पंचक्रोशीत प्रसिद्ध.

खोलीचा विषय आला. रेणुका उभी राहिली. गाल अजून फुगलेला, दात जेमतेम वेगळे होत होते.

"काय वं पोरी," उकंडराव म्हणाले. त्यांच्या गालातही गोळा होता, पण खर्र्याचा, तंबाखू-सुपारीचा. "मागच्या टायमाले तं लय गरजत होती. आज काय झालं?"

हशा पिकला. रेणुका पुटपुटली, "जुन्या शाळेची खोली..."

"कोनाले आयकू येऊन नाही राह्यलं!" मागून कोणीतरी ओरडलं.

मी खिशात तडफडत होते. जिच्या तोंडात मी अडकून राहिले, तिचं तोंड आता माझ्यामागेही बंदच राहणार होतं का?

तेव्हा भिमाबाईने मान वर केली. तिने काही ठरवलं असेल असं मला वाटत नाही. लेकीच्या तोंडून ओळ अर्धी पडली आणि आयुष्यभराच्या सवयीने तिने ती उचलली.

"जुन्या शाळेची खोली!"

आणि मागून गोजरबाई आणि सगळ्या बाया, त्याच सुरात, "जुन्या शाळेची खोली!"

सगळी सभा वळून पाहू लागली. रेणुकाही दचकली. मग तिच्या लक्षात आलं. तिने पुढचा तुकडा हळूच टाकला, तीन शब्दांचा. "पोरींच्या अभ्यासाले पायजे."

"पोरींच्या अभ्यासाले पायजे!"

"गोदामाले देनार नाही."

"गोदामाले देनार नाही!"

"अरे, हे काय भजन लावलं?" उकंडराव तोंड वर करून, गालातलं सांभाळत म्हणाले.

"भजन नोहे उकंडभाऊ, ठराव हाये," गोजरबाई म्हणाल्या. "तुम्ही बी म्हना."

आता पुरुषही हसले, पण रेणुकाला नाही. उकंडरावांना तावातावाने उत्तर द्यायचं होतं, आणि तोंड भरलेलं. ते उठले, इमारतीच्या कोपऱ्याला थुंकायला गेले. रेणुका त्याच वेळी तोंडात आलेलं रक्त गिळत होती, कारण तिला थुंकायची मनाई होती. बाया थांबेनात. ग्रामसेवक घाबरून म्हणाले, "बरं बरं, गोदामाऐवजी अभ्यासिका. कोणाची मंजुरी आहे? हात वर करा."

बायांचे सगळे हात वर. मग पुरुषांच्या बाजूने भाजीवाले नारायणराव. त्यांची नात संजीवनी बारावीला आहे. त्यांच्यामागे आणखी, आणि आणखी. उकंडराव तोंड पुसत परतले तेव्हा ग्रामसेवक शेवटच्या रांगेतले हात मोजत होते.

दोन दिवसांनी रेणुका कळवळत पुन्हा मेहकरला गेली. बोलून बोलून माझ्या खड्ड्यातली रक्ताची खपली निसटली होती आणि हाड उघडं पडलं होतं. डॉक्टर योगिनी तिला खूप रागावल्या, मग त्यांनी खड्ड्यात औषधाची पट्टी भरली. घरी आल्यावर भिमाबाईने तिच्या तोंडाचा वास घेतला.

"लवंग हाये!" ती म्हणाली. "मी काय सांगत होती?"

रेणुका हसली. हसताना दुखलं, तरी हसली.

किल्ली मिळायला पुढे महिना गेला. आज पोती हलवायची, उद्या माणूस नाही, परवा किल्लीच सापडत नाही. रेणुका रोज दारात जाऊन बसे. मग तिच्याबरोबर संजीवनी बसू लागली, मग आणखी चौघी, पुस्तकं घेऊन, बंद दाराच्या ओट्यावर. येणारे जाणारे विचारू लागले, आणि लोक विचारायला लागले तेव्हा किल्ली सापडली.

आतली फरशी पार उखडलेली होती. बायांनी मुरूम आणून टाकला, चोपला. काम करताना रेणुकाने स्वेटर काढून खिडकीत ठेवला, डबी खाली पडली. भिमाबाईने उघडून पाहिलं.

"माणसाचा दात असा उघड्यावर राहू नाही," ती म्हणाली आणि उंबऱ्याच्या आतल्या खड्ड्यात मला ओतून वर मुरूम लोटला. रेणुकाने पायाने माती नीट दाबली.

तर मी आता इथे आहे. डोक्यावरून मुली येतात, जातात. कोणी मोठ्याने वाचतं, कोणी दुसरीला गप्प बस म्हणतं. भिमाबाई अजूनही कधीमधी येऊन रेणुकाला लांबून कॅलेंडर वाचायला लावते. रेणुका न चुकता वाचते. मला या सगळ्याचं समाधान आहे, असं म्हणून मी निरोप घ्यायला हवा, पण मला तसं खोटं बोलता येत नाही.

खोलीत वीज नाही. मीटरचा अर्ज वीज कार्यालयात जाऊन पडला आहे. सहा वाजले की अक्षरं दिसेनाशी होतात, मुली पुस्तकं मिटतात आणि घरी जातात. पोलीस भरतीची परीक्षा तोंडावर आली आहे. वाचणाऱ्यांपैकी कोणी त्या कार्यालयात बसत असेल, तर आज उठून तेवढी सही करा. मी इथे मातीत पडून राहीन, माझी घाई नाही. त्यांची आहे.