पलंगाखालच्या बाटल्या

मेघना सबनीसांनी चोवीस वर्षांत कुणाकुणाचे आभार मानले, याची यादी पोस्टकार्डावर मावली असती. बाई वाईट नव्हत्या, मोजून बोलायच्या. मोजणं हेच त्यांचं काम. परळच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत समुद्रतळाचा काळा दगड आम्लात विरघळवायचा, उरलेला गाळ बारीक जाळीतून धुवायचा आणि जाळीवर राहिलेली कवचं सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची. ही कवचं डायनोफ्लॅजेलेटांची. समुद्रात तरंगणारे हे एका पेशीचे जीव दिवस वाईट आले की कवच करून आत झोपतात, बरे आले की त्याचं झाकण उडवून चालते होतात. झाकण कुठलं, कुठल्या आकाराचं, यावरून जात ठरते.

यंदा बाईंना नवी जात सापडली होती, आयुष्यातली पहिली. तीनशे अठरा कवचं. त्यातल्या दोनशे एक्क्याण्णवांना पाठीवर त्याच जागी षटकोनी भोक. शोधनिबंध नियतकालिकाकडे पाठवला, तर परीक्षकाचं उत्तर आलं : 'ही आम्लाने पडलेली फूट असावी. सुटं झाकण दाखवा, नाहीतर जात मान्य नाही.' मुदत तीन आठवडे.

झाकण एवढंसं, ते जाळीतून निसटून धुवणाबरोबर गेलेलं. दगडही संपलेला.

"रामजी, धुवण टाकून दिलंत ना?" बाईंनी उगाच विचारलं. रामजी धुरी प्रयोगशाळेतले जुने मदतनीस. दिवाळीत बाईंनीच त्यांना झापलं होतं, "हे कपाट आहे की भंगाराचं दुकान? धुवणाच्या सगळ्या बाटल्या काढा!"

रामजी मान खाजवत म्हणाले, "काढल्या ना मॅडम. घरी नेल्या."

"घरी?"

"बाप गिरणीत होता. तिथे जमिनीवरचा कापूससुद्धा झाडून परत घ्यायचे. टाकवत नाही हो."

संध्याकाळी बाई लालबागच्या चाळीत, रामजींच्या खोलीत ओणव्या झाल्या. पलंगाखाली लोणच्याच्या बाटल्या, प्रत्येकीवर तारीख आणि नमुन्याचा नंबर.

"हयसर माणसांक जागा नाय," आनंदीबाई, रामजींची बायको, चहा देत म्हणाली, "आणि ह्येंच्या बाटल्यांचो थाट बघा! सगळ्यो घेऊन जावा."

प्रयोगशाळेत आणून तपासल्यावर चौथ्या बाटलीच्या गाळात झाकणं निघाली. त्रेचाळीस. सगळी षटकोनी, भोकाच्याच मापाची.

निबंध स्वीकारला गेला त्या दिवशी बाई म्हणाल्या, "रामजी, जातीला तुमचं नाव दिलंय."

"माझं? जीव मेलेला आहे ना?"

"पाच कोटी वर्षांपूर्वी."

"मग तक्रार करणार नाही."

बाई हसल्या, आणि त्यांच्या ध्यानात आलं, की हजारो काचपट्ट्या करणाऱ्या या माणसाला आपण एकदाही सूक्ष्मदर्शकाशी बोलावलं नाही. त्यांनी झाकणांची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि आपली खुर्ची मागे ओढली. "बसा. आणि... फार उपकार झाले तुमचे."

रामजी बसले ते उठेचनात. शेवटी बाईच म्हणाल्या, "झालं का?"

"थांबा मॅडम," ते डोळा न काढता म्हणाले, "बेचाळीस झाली. एक राहिलंय."