बिनबटणाचा दिवा

तुडीलला वीज यायच्या आधीच लोक दिव्याखाली बसायला लागले होते. वीजखात्यातर्फे घराघरांतल्या तारांच्या तपासणीला मी गेलो ती पौषातली दुपार होती. सावित्री नदीवरचं धुकं उन्हातही पुरतं विरलं नव्हतं, आणि ज्या घरात डोकवावं तिथं माणसं वर टांगलेल्या कोऱ्या बल्बखाली गोल करून बसलेली. कोणी तांदूळ निवडत होतं, कोणी नुसतंच वर बघत होतं. एरवी असल्या भाबडेपणाने माझं डोकं फिरतं. त्या दिवशी नाही फिरलं. मलाही क्षणभर वाटलं, दिवे लागलेलेच आहेत, आपल्यालाच दिसत नाहीत.

मालोजीचं घर गावाच्या टोकाला, नदीच्या दरडीवर. तारा ओढायचं काम पोलादपूरच्या सदू वायरमनने भाद्रपदातच करून ठेवलेलं. हात चांगला, पण विचारल्याशिवाय तोंड उघडणार नाही असा गडी. मी त्याला सगळे बल्ब काढायला लावले, बटणं बंद करायला लावली आणि मेगरच्या तारा जोडून दांडा फिरवला. मेगर म्हणजे दांड्याची एक पेटी. घरातल्या दोन तारा कुठे एकमेकींना भिडल्या नाहीत ना, हे तिचा काटा सांगतो. काटा थेट शून्यावर जाऊन झोपला.

"सगळे बल्ब काढलेस?"

"होय, सायब."

"मग हा काटा काय माझी थट्टा करतोय?"

दोन्ही तारा एकत्र पिळून जमिनीच्या तारेशी तपासल्या. तिथे काटा झकास. म्हणजे वीज भिंतीत उतरणार नव्हती, घोळ दोन तारांच्या मध्येच होता. एक तर त्या कुठेतरी चिकटल्या होत्या, नाहीतर एखादा बल्ब बटणाशिवायच जोडलेला होता. यंत्राला दोन्ही सारखंच दिसतं. सदू पायाच्या अंगठ्याने जमीन उकरायला लागला, तेव्हा मला काय ते कळलं.

"कुठे आहे तो?"

त्याने माजघराच्या कोपऱ्यात वर बोट दाखवलं. कोपरा अडवून भाताची कणगी उभी होती, शिगोशीग भरलेली, तोंड शेणाने लिपलेलं, वर हळदकुंकू. तिच्या डोक्यावर, भिंतीतल्या उंच जाळीपाशी बल्ब लोंबत होता. भाद्रपदात कणगी रिकामी असणार, बाजूला सारून सदूने शिडी लावली असणार. आता शिडीला जागा नव्हती, आणि बाहेरून लावावी तर भिंतीखाली सरळ दरड.

"चढ कणगीवर," मी म्हणालो.

घरातले सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी देव्हाऱ्यात पाय ठेवायला सांगितलाय.

"मग उपसा ती."

"लिपलेली कणगी होळीच्या आदी फोडीत नाय, सायब," मालोजी म्हणाला. "माज्या बापानं कदी फोडली नाय."

"मग वीज नाही. बसा पावसाळ्यानंतरच्या फेरीची वाट बघत!" मी पेटी मिटली. फार चिडलो होतो.

तेव्हा मालोजीची बायको बनुबाई पुढे आली. "सदूवर रागावू नका. त्या दिव्याला बटन नको, ह्यं मीच सांगितलं."

"का?"

"बटन असलं का कोनतरी बंद करतं."

तिचा एकुलता एक मुलगा हैबती फौजेत होता. चीनच्या लढाईत तो बेपत्ता झाल्याची तार आली, त्याला वर्ष उलटून गेलं होतं. तेव्हापासून ती रोज पडवीत कंदील लावून निजायची. त्याचा उजेड नदीच्या उतारापर्यंत, जिथून माणसं पाण्यातून चालत अलीकडे येतात तिथपर्यंत, पोचत नव्हता. जाळीतल्या दिव्याचा पोचला असता.

"पाटे उठून बगते तं कंदील इजलेला. तेल तसंच," ती म्हणाली. नवऱ्याकडे तिने पाहिलं नाही. "त्यो रातचा आला नि घर काळोखात दिसलं, तं म्हनंल, ह्यांनी माजी वाट बगायची सोडली."

पण बटणाशिवाय दिवा मी कसा मंजूर करणार? उद्या बल्ब बदलताना माणूस मरायचा. "बाई, बटण लागेलच," मी म्हणालो आणि पडवीत जाऊन उभा राहिलो. खाली उतारावर धुक्यातून कुणीतरी पाण्यात उतरत होतं, खांद्याला काहीतरी अडकवलेलं. मी पडवीच्या कडेपर्यंत गेलो. मग ती आकृती दोन म्हशी होऊन अलीकडे आली.

आतून ठकठक ऐकू आली. मालोजी कणगीला हात जोडून, कोयत्याच्या पाठीने लिपण फोडत होता.

"टोपल्या आन गो," तो बायकोला म्हणाला.

"होळीच्या आदी?"

"आन."

भात पडवीत यायला लागलं. कवडशात धूळ सोनेरी होऊन तरंगत राहिली. उन्हं कलेपर्यंत कोपरा मोकळा झाला. सदूने शिडीवरून बल्ब काढला, मी दांडा फिरवला, काटा जिथे जायला हवा तिथे गेला. दुसरा दोष नव्हता.

"बटण कुठं बसवू? दाराशी?" सदूने वरूनच विचारलं.

"खाली नको," मालोजी म्हणाला. "वरच बसव, दिव्यापाशी."

"अहो, तिथे हात कसा पोचणार?" मी म्हणालो.

"नकोच पोचाया. त्यो कंदील मीच इजवतो, सायब. उठून बगतो, नि माज्यानं जळताना बगवत नाय."

बनुबाई मान खाली घालून उभी होती. सदूने बटण बसवलं, चालू करून ठेवलं, बल्ब लावला आणि शिडी काढून घेतली. मालोजीने पहिली टोपली उचलली आणि भात परत कणगीत ओतलं. दुसरी बनुबाईने त्याच्या हातात दिली.