रविवारी वाजलेले मरणाचे टोले

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे. मिरजेजवळच्या एका खेड्यात, लहानशा चर्चसमोर दोन लोखंडी खांबांमध्ये टांगलेली. मला कोणी ओतलं, कुठल्या भट्टीत ओतलं, ते विचारू नका. मला आठवत नाही, आणि आठवत नाही म्हणून माझं वजन काही कमी झालेलं नाही.

मला बोलता येतं दोनच तऱ्हांनी. उपासनेला बोलवायचं तर घणघण, भराभर. मंडळीतलं कोणी वारलं तर एकेक टोला, मध्ये थांबून थांबून. तो टोला ऐकला की उसाला पाणी पाजणारा माणूसही खोरं टाकून धावत येतो.

माझा दोर वर्षानुवर्षं सुलाबाईंच्या हाती. चर्चवर कर्णा बसला तेव्हा सगळे मला विसरले. चिमण्यांनी माझ्या डोक्यावर घरटं केलं. सुलाबाई मात्र नाताळ आला की मला चिंचेने घासून लख्ख करायच्या.

आणि याच सुलाबाईंनी यंदा एका रविवारी सकाळी दोर ओढला, एक टोला दिला आणि थांबल्या. मग दुसरा. पुन्हा थांबल्या. माझं तर धाबं दणाणलं! उपासनेच्या वेळी मरणाचे टोले? हात असते तर मी दोर हिसकावून घेतला असता.

माणसं धावली. पाळकसाहेब अर्धी दाढी तशीच ठेवून आले, शेजारच्या लीलाबाई पिठाच्या हातांनी.

"कोन गेलं, सुलाकाकू?" लीलाबाईंनी धापा टाकत विचारलं.

"मीच गेले," सुलाबाई म्हणाल्या. "प्रभूची प्रार्थना इसरले गं. सकाळपास्नं आठवतीया, एक सबुद येईना. माज्या जिवाचं तारन गेलं. म्या देवाला सोडलं, आता त्यो मला कशाला धरतोय?"

गावातल्या पोरांना हीच 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' प्रार्थना सुलाबाईंनी शिकवली होती. मला तर रडूच आलं, पण घंटेला ओढल्याशिवाय रडता येत नाही.

तेवढ्यात त्यांची नात राणी पुढे आली. ती मिरजेच्या दवाखान्यात नर्स आहे. तिने आजीचा हात हातात घेतला.

"आज्जे, मोठा पूर आठवतोय?"

"न आठवाया काय झालं? तू चार वर्साची हुतीस."

"नावेत म्या तुजा हात घट धरला हुता न्हवं?"

"तू कुटलं धरतीस? तू झोपली हुतीस. म्या धरला हुता."

"मी झोपले, म्हनून तू सोडलास?"

"आगं, सोडंन व्हय!" सुलाबाई एकदम चिडल्या. "माजं लेकरू तू!"

"मग तू कुनाचं लेकरू, आज्जे?"

सुलाबाईंनी पुन्हा दोराला हात घातला. मग दोघींनी मिळून दोर ओढला, घणघण, भराभर. इतकी जोरात मी कधी वाजले नव्हते.

खरं सांगू? पुढच्या रविवारी सुलाबाई हेही विसरल्या. पुन्हा तेच रडणं, पुन्हा राणीने तोच पूर सांगितला. आता दर रविवारी सांगते.

मित्रांनो, मला घासलं नाहीत तरी चालेल. पण तुमच्या घरात कोणी असं विसरू लागलं, तर वैतागू नका, पुन्हा सांगा. सुलाबाईंना प्रार्थना अजून आठवलेली नाही. पण राणीने "सोडलास का गं?" असं विचारलं, की त्या दर वेळी तशाच चिडून म्हणतात, "सोडंन व्हय!"