नाल्यापलीकडची घरं

घाटकोपरच्या टेकडीवरच्या वस्तीत नलिनी प्रश्नावलीचा गठ्ठा घेऊन पोहोचली, तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. साल १९८६. नगररचनेचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत ती नुकतीच संशोधन सहायक म्हणून लागली होती. वस्तीत नवे नळ कुठे द्यायचे, ते तिच्या पाहणीवरून ठरणार होतं.

वस्ती समितीचे चिटणीस सीताराम यांनी घरांची यादी तयारच ठेवली होती. यादीतलं दर पाचवं घर घ्यायचं, अशी पद्धत. नलिनीने आठवडाभर ती घरं चोख केली. मग देवळाच्या ओट्यावर बायकांची बैठक झाली.

"नळावर कुणाला जातीवरून अडवतात का?" तिने वाचून विचारलं.

"छे! असलं गावाला. ही मुंबई आहे ना बाई!" बायका हसल्या.

नलिनीने 'नाही'पुढे खूण केली. मनातून तिला बरंही वाटलं.

त्या दिवशी टेकडी उतरताना तिची वाट चुकली. नाल्यावरची फळी ओलांडली, तर पलीकडे आणखी त्रेचाळीस झोपड्या. दारात तांदूळ निवडत बसलेल्या मंजुळाने तिला हटकलं.

"तुम्ही त्या कागदवाल्या बाई ना? आठ दिवस बघतेय. आमच्यात का नाही आलात?"

"तुमची घरं यादीत नव्हती."

"यादी कुणी केली?"

"समितीच्या चिटणीसांनी."

"आम्ही बौद्ध. नळावर आमचा नंबर सगळ्यांच्या मागनं. त्यांचे हंडे भरेस्तोवर पाणी जातं. मग खाली कारखान्याच्या फाटकापाशी नळ आहे तिथं जायचं, तिथनं हंडा घेऊन वर चढायचं." मंजुळाने आत बोट दाखवलं. तिची सून मथुरा भिंतीकडे तोंड करून पडली होती. "सातवा लागला होता तिला. हंडा घेऊन चढताना पाय घसरला. मंगळवारी पोर गेलं. हे तुमच्या कागदात कुठं बसतंय का बघा."

दुसऱ्या दिवशी नलिनी विभागप्रमुखांसमोर उभी राहिली. तिने सगळं सांगितलं.

"नमुना शास्त्रीय पद्धतीनेच निवडलाय," ते म्हणाले.

"सर, यादीच खोटी आहे. ज्यांना अडवतात त्यांना आपण विचारलंच नाही!"

"अहवाल सोमवारी द्यायचाय. हवं तर तळटीप टाकू."

तळटीपही पडली नाही. 'पाणीवाटपात जातिभेद आढळला नाही. सर्व उत्तरे एकमुखी,' असं वाक्य छापलं गेलं. नलिनीने सही नाकारली. तिचं नाव वगळून अहवाल पुढे गेला आणि महिनाअखेर तिची नेमणूक संपली. नवे दोन नळ आले, दोन्ही देवळाच्या बाजूला.

नलिनीने मंजुळाला बरोबर घेऊन त्रेचाळीसही घरांची माहिती लिहून काढली आणि महापालिकेकडे अर्ज केला. उत्तर आलं: अहवालानुसार सदर ठिकाणी वस्ती नाही.

ते उत्तर तिने मंजुळाला वाचून दाखवलं. मंजुळा दुसऱ्या दिवशी सकाळी उठली आणि नव्या नळावर, होती त्या रांगेत, आपला हंडा लावून उभी राहिली.

सीताराम धावत आले. "ए बाई, रांग कळत नाय काय तुला?"

"कळते की. म्हणून तर मधी घुसले नाही."

त्यांनी हंड्याला लाथ मारली. हंडा उतारावरून गडगडत खाली गेला. देवळाच्या बैठकीत हसलेल्या बायका तिथेच होत्या. त्या आपापले हंडे पुढे सरकवत राहिल्या. मंजुळा खाली गेली, पोचे पडलेला हंडा उचलून परत आली आणि शेवटी उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा पाणी गेलं होतं.

त्या दिवशी तिला थेंबही मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी नाल्यापलीकडच्या अकरा बायका रांगेत होत्या. नलिनी त्यांच्याबरोबर उभी होती आणि मथुराही, अजून पुरती सावरली नसताना.